छातीवरचा नंबर

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत डिसेंबरात क्रीडासप्ताह असतो ना? आमच्याही शाळेत असतो. मैदानावर चुन्याच्या रेघा, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, तीन पायांची शर्यत आणि सगळ्यात शेवटी पन्नास मीटर धावणं. मी बोरिवलीतल्या एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. शर्यतीच्या दिवशी माझं काम एकच. शेवटच्या रेघेवर दोरीचं टोक धरून उभं राहायचं आणि कोण आधी आलं ते नीट बघायचं.

ही गोष्ट डिसेंबर २०२५ ची. माझ्या वर्गातला एक मुलगा महिनाभर सराव करत होता. शाळेची घंटा व्हायच्या आधी येऊन मैदानाला दोन फेऱ्या मारायचा. सगळी मुलं त्याला ‘रॉकेट’ म्हणायची. शर्यतीच्या दिवशी शिट्टी वाजण्याआधी त्याने डोळे मिटले, हात जोडले, ओठ पुटपुटले. मी लांबून बघत होते. शिट्टी वाजली, मुलं धावली. तीन मुलं दोरीला लागली आणि मग तो. चौथा! बक्षिसं तर तीनच होती.

मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडलाच नाही. मी जवळ जाऊन बसले.

“बाई, मी रोज देवाला सांगत होतो. पहिला येऊ दे म्हणून. मग त्याने माझं का नाही ऐकलं?”

मी गप्प. तो पुढे म्हणाला, “आणि आता मला कोणी रॉकेटपण म्हणत नाही.”

खरं सांगू? पाढे विचारा, व्याकरण विचारा, मी लगेच उत्तर देईन. पण ह्या प्रश्नाला मी म्हणाले, “उद्या सांगते हं तुला.” कारण हा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा होता. मी नववीत असताना अगदी हाच प्रश्न विचारला होता. आणि तो विचारताना माझा आवाज त्याच्याहून मोठा होता!

मी गोराई गावची. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की आमचं गाव. आम्ही ईस्ट इंडियन. नाव ऐकून दचकू नका, आम्ही काही पूर्वेकडून आलेलो नाही! मुंबई, साष्टी आणि आसपासच्या गावांतले आम्ही जुने रहिवासी, धर्माने ख्रिस्ती आणि बोलीने मराठी. इंग्रजांच्या काळात गोव्याहून आणि मंगलोरहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. तेव्हा आपली वेगळी ओळख राहावी म्हणून इथल्या लोकांनी हे नाव घेतलं. त्यांची ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ ही संस्था १८८७ सालची आहे.

पण शाळेत हे सगळं कोणाला सांगत बसणार? आडनाव ऐकलं की मुली विचारायच्या, “अय्या, तू ख्रिश्चन? मग मराठी कशी काय बोलतेस?” आणि कधी इंग्रजी शाळेतल्या मुली भेटल्या की त्यांना वाटायचं, ही आपल्यातली असून मराठी शाळेत कशी? मी ना इकडची ना तिकडची. आजी लुगडं नेसून, भाजीची टोपली घेऊन बोटीने बोरिवलीच्या बाजारात यायची. वर्गातली मुलगी बरोबर असली की मी तिला दुसऱ्याच रस्त्याने न्यायचे. आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा तसं होतं खरं.

मग मला धावणं सापडलं. लहानपणापासून गोराईच्या किनाऱ्यावर वाळूत पळायची सवय. वाळूत पाय रुततो, त्यामुळे पोटऱ्या मजबूत होतात. शाळेच्या कडक मैदानावर मी सुटले की कोणाच्या हाती लागत नसे. सातवीत मी शाळेत पहिली आले आणि पी.टी.चे सर म्हणाले, “अरे, ही तर आपली पी. टी. उषा!” झालं! त्या दिवसापासून मी ‘उषा’. वर्गात उषा, मैदानावर उषा, बोटीवर तिकीट फाडणारे काकासुद्धा म्हणायचे, “चला उषाबाय, उशीर झाला.” माझं आडनाव, माझा धर्म, माझी आजी, कोणी काही विचारेना. मला वाटलं, सापडलं! मी कोण? मी उषा. मी सगळ्यांच्या पुढे असणारी.

२००४ साली मी नववीत होते. आंतरशालेय स्पर्धेत चारशे मीटरच्या अंतिम फेरीत माझी निवड झाली. शर्यत मरीन लाइन्सला, विद्यापीठाच्या मैदानावर. आता काहीही करून पदक हवंच! मी आजीला म्हटलं, “आपण नऊ बुधवार माहीमला जाऊ.” माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना असते. नोव्हेना म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना. तिथे ख्रिस्तीच नव्हे, सगळ्या धर्मांचे लोक येतात. कोणाला नोकरी हवी असते, कोणाचं बाळ आजारी असतं. मी शाळा सुटल्यावर आजीबरोबर लोकलने जायचे, मेणबत्ती लावायचे आणि म्हणायचे, “मारियामाते, पदक मिळवून दे. मी दर रविवारी मिस्सेला येईन, आईला उलट बोलणार नाही, भांडीपण घासेन.” आजी बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करायची ना, अगदी तशी!

शर्यतीचा दिवस उजाडला. छातीवर चार सेफ्टी पिनांनी नंबर लावला, २१४. बार झाला आणि मी सुसाट सुटले.

चारशे मीटर ही फार फसवी शर्यत आहे, मुलांनो. मैदानाची एकच फेरी, म्हणून वाटतं, पळू की जीव तोडून! पण माणसाचं शरीर सगळा वेग इतका वेळ टिकवू शकत नाही. पहिल्या अर्ध्यात सगळी ताकद उधळली, तर शेवटच्या वळणानंतर पाय शिशाचे होतात. श्वास पुरत नाही, गुडघे उचलत नाहीत. सरांनी हे मला शंभर वेळा सांगितलं होतं. पण ‘उषा’ मागे कशी राहणार? दोनशे मीटरला मी सगळ्यांच्या पुढे होते. शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली... मी सहावी आले.

परतीच्या बोटीत मी नंबर ओरबाडून काढला आणि चुरगाळून पायाशी फेकला. आजीने तो मुकाट्याने उचलला आणि टोपलीत ठेवला.

त्यानंतर नडगीचं दुखणंही सुरू झालं. डॉक्टरांनी तीन महिने धावणं बंद केलं. शाळेत दुसरी एक मुलगी पहिली येऊ लागली. आठ दिवसांत ‘उषा’ हे नाव तिला मिळालं! माझ्याकडे काय उरलं? मी चर्चला जाणंच बंद केलं. डोकं दुखतं, पोट दुखतं, अशी कारणं देऊन रविवारी झोपून राहायचे.

एका रविवारी आजी म्हणाली, “बाय, तुला देवाचा राग आलाय नं? मंग त्याच्या घरी जाऊन भांड. घरात तोंड पाडून कशाला बसलीस?”

मी खरंच गेले. मिस्सा संपल्यावर फादरांना गाठलं आणि तावातावाने म्हटलं, “फादर, मी नऊ बुधवार केले. देवाने माझं ऐकलं नाही. मी आता कशाला प्रार्थना करू?”

मला वाटलं, फादर रागावतील. पण ते मला कचेरीत घेऊन गेले. कपाटातून एक जाडजूड जुनी वही काढली. बाप्तिस्म्याची नोंदवही! आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा होतो. डोक्यावर तीनदा पाणी ओततात, बाळाला त्याच्या नावाने हाक मारतात आणि ते देवाचं लेकरू झालं असं मानतात. त्याची नोंद चर्चमध्ये ठेवतात. फादरांनी पानं उलटून १९९० सालचं पान काढलं. निळ्या शाईत माझं नाव, आईचं नाव, पप्पांचं नाव, धर्ममाता, धर्मपिता आणि तारीख.

“तू तेव्हा किती दिवसांची होतीस?” फादरांनी विचारलं.

“एक महिन्याची.”

“चारशे मीटर किती सेकंदांत धावायचीस?”

मला हसू आलं. “फादर, मला मान तरी धरता येत होती का?”

“मग देवाने तुला आपली कशी म्हटलं? ह्या वहीत बघ, नंबराचा रकाना आहे का?”

मी ती ओळ पुन्हा वाचली. नव्हता.

फादर पुढे फारसं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की देवाकडे काही मागण्यात वाईट नाही, पण तू त्याला दुकानदार समजलीस. इतके बुधवार दिले की इतकं पदक! मग त्यांनी मला एका धावपटूची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

एरिक लिडेल हा स्कॉटलंडचा धावपटू. त्याचे आईवडील चीनमध्ये मिशनरी होते. त्याचा जन्मही तिथलाच, १९०२ सालचा. शंभर मीटरमध्ये त्याचा हात धरणारे थोडेच होते. १९२४ साली पॅरिसला ऑलिंपिक होतं. वेळापत्रक आलं आणि कळलं की शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी स्पर्धेत धावायचं नाही, असा त्याचा नेम होता. त्याने शंभर मीटर सोडून दिली! वर्तमानपत्रं रागावली, लोकांनी नावं ठेवली. पण त्याने आपला सराव चारशे मीटरकडे वळवला. ११ जुलै १९२४ ला त्याने चारशे मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. नवा ऑलिंपिक विक्रम!

आता तुम्ही म्हणाल, “बघा, देवाचं ऐकलं म्हणून सुवर्णपदक मिळालं!” मीही फादरांना तेच म्हटलं. तेव्हा त्यांनी मला पुढची गोष्ट सांगितली. ती सहसा कोणी सांगत नाही. लिडेल पुढच्याच वर्षी धावणं मागे ठेवून चीनला गेला आणि शाळेत शिक्षक झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने तिथल्या परदेशी लोकांना एका छावणीत कोंडलं. त्यात तोही होता आणि पुष्कळ मुलंही होती. तो त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. मुलं त्याला ‘एरिक अंकल’ म्हणायची. एका रविवारी मुलांनी आपली आपणच हॉकी खेळायला घेतली. पंच नव्हता, त्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारी पंच म्हणून कोण उभं राहिलं? एरिक लिडेल! ऑलिंपिकसाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने मुलांची भांडणं होऊ नयेत म्हणून तो मोडला. शेवटी त्याने आपले जुने, शिवून शिवून वापरलेले धावण्याचे बूट छावणीतल्या एका मुलाला दिले. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीच्या आजाराने तो तिथेच वारला. वय अवघं त्रेचाळीस. त्या छावणीत त्याच्या पदकाचा काय उपयोग होता? पण तो कोण आहे, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं.

घरी येताना मी बराच वेळ खाडीकडे बघत होते. मला एकदम कळलं की माझी चूक धावण्यात नव्हती. मी छातीवरच्या नंबरालाच माझं नाव समजत होते. स्पर्धा संपली की नंबर काढून ठेवावा लागतो. नाव काढून ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना आजी बाजारात दिसली. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या. मी तिची रिकामी टोपली माझ्या डोक्यावर घेतली आणि म्हटलं, “ही माझी आजी.” बस्स, एवढंच! पण चारशे मीटर धावण्यापेक्षा मला ते जड गेलं होतं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा धावू लागले. दहावीत, २००५ साली, मी त्याच मैदानावर उतरले. ह्या वेळी माहीमला जाऊन सौदा केला नव्हता. शर्यतीआधी फक्त म्हटलं, “देवा, तू आहेस ना? मग धावते.” सुरुवातीला वेग राखला, शेवटच्या वळणावर ताकद उरली होती. मी चौथी आले. पदक नाहीच! पण आदल्या वर्षीपेक्षा दोन सेकंद कमी लागले. सर आनंदाने ओरडत होते. स्टेशनबाहेर आम्ही वडापाव खाल्ला. इतका चविष्ट वडापाव मी त्याआधी कधी खाल्ला नव्हता.

आणि एक गंमत सांगू? ज्या पी. टी. उषाचं नाव मला मिळालं होतं, ती १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कितवी आली होती? चौथी! सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचं कांस्यपदक हुकलं. म्हणून काय देशाने तिला विसरून टाकलं?

मी पुढे मोठी धावपटू झाले नाही. डी.एड. केलं आणि तुमच्यासारख्या मुलांची बाई झाले. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हे सगळं मला पुन्हा आठवलं. तुमच्यातल्या क्रिकेटवेड्यांनी ओळखलंच असेल. जेमिमा रॉड्रिग्ज! ही आपल्याच उपनगरातली मुलगी, भांडुपची. तिचा जन्म ५ सप्टेंबर २००० चा, म्हणजे शिक्षकदिनाचा! लहानपणी ती भावांबरोबर क्रिकेट खेळली, हॉकीही खेळली. वडील तिचे प्रशिक्षक.

२०२५ च्या विश्वचषकात तिची सुरुवात कशी झाली, आठवतंय? श्रीलंकेविरुद्ध शून्य. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा शून्य. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तर तिला संघातून वगळलं. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामना होता, समोर ऑस्ट्रेलिया. त्यांनी ३३८ धावा केल्या. जेमिमाला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि ती नाबाद १२७ धावा करून, सामना जिंकूनच परतली. पन्नास झाल्यावर आणि शंभर झाल्यावरही तिने आनंद साजरा केला नाही. सामना अजून जिंकायचा होता ना!

सामन्यानंतर ती रडत बोलली. सगळ्यांसमोर तिने येशूचे आभार मानले, आईवडिलांचे मानले. आपण कित्येक दिवस रडत होतो, मनात फार घबराट असायची, हेही तिने लपवलं नाही. खेळताना शेवटी शेवटी अंगात त्राण उरलं नव्हतं, तेव्हा ती मनात बायबलमधलं एक वचन म्हणत होती, असं तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगी म्हणाली, “बाई, तिने प्रार्थना केली म्हणून आपण जिंकलो!” मी म्हटलं, “ऑस्ट्रेलियाच्या एखादीनेही केली असेल की! आणि जेमिमाने शून्यावर बाद झाली त्या दिवशी केली नसेल का?” वर्ग विचारात पडला. मला वाटतं, तिच्या श्रद्धेने तिला धावा दिल्या नाहीत. धावा तिच्या सरावाने दिल्या, तिच्या मैत्रिणींच्या साथीने दिल्या. श्रद्धेने तिला उभं राहायला जागा दिली. शून्य झालं तरी जी पायाखालून जात नाही, अशी जागा.

तर आता माझ्या चौथीतल्या रॉकेटकडे येऊ. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला टेबलाजवळ बोलावलं. मी दोन वस्तू आणल्या होत्या. एक म्हणजे तो २१४ नंबरचा कापडी तुकडा. आजीने तो धुऊन, घडी करून तिच्या पेटीत ठेवला होता. ती गेल्यावर मला सापडला. दुसरी वस्तू आमच्या वर्गाचा हजेरीपट.

“हा नंबर कोणाचा?” मी विचारलं.

“काय माहीत, बाई!”

“माझा. त्या दिवशी माझ्या छातीवर होता. आता सांग, ह्यावरून मी कोण ते कळतं का?”

त्याने मान हलवली. नाही.

मग मी हजेरीपट उघडला. “तुझं नाव शोध.” त्याने बोट फिरवत शोधलं. “हे नाव मी कधी लिहिलं?”

“जूनमध्ये. शाळा सुरू झाली तेव्हा.”

“आणि शर्यत कधी झाली?”

“आत्ता. डिसेंबरमध्ये.”

“म्हणजे तू कितवा येणार हे ठाऊक नसतानाच मी तुला माझ्या वर्गात घेतलं होतं. तुझ्या आईने तर त्याच्याही कितीतरी आधी घेतलं. मग ज्या देवाला तू हात जोडतोस, तो काय शर्यतीची वाट बघत बसला असेल?”

त्याचा देव वेगळ्या नावाचा आहे, माझा वेगळ्या नावाचा. पण प्रश्न आम्हा दोघांचा एकच होता ना! तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, पुढच्या वर्षी प्रार्थना करू की नको?”

“कर की! जे मनात असेल ते माग. पण आधी शिट्टीनंतर मान मागे वळवून बघायची सवय सोड. तिथेच तुझा तिसरा नंबर गेला!”

तो खुदकन हसला आणि डबा उघडायला पळाला.

पालकहो, जाता जाता एक शब्द तुमच्यासाठी. मूल मैदानावरून घरी आलं की आपण दारातच विचारतो, “कितवा आलास?” मीही माझ्या मुलीला हेच विचारायचे. आता आधी तिला नावाने हाक मारते आणि पाणी देते. कितवी आली ते ती आपणहून सांगतेच, नंतर.